पिस्टन एका मेकचा, सिलिंडर दुसऱ्या मेकचा: इंजिन बांधताना अशी मिसळ चालते का?

सहा_सिलिंडर

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतोय आणि जरा लांबलाय, चहा घेऊनच बसा.

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो, मूळचा मिरजेचा. तीन वर्षांपूर्वी १९८२ ची पोर्शे ९११ एससी घेतली. बायको तिला "अंगणातलं भंगार" म्हणते, पण ते असो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंजिन मागे, ३ लिटर, हवेवर थंड होणारं, सहा सिलिंडर आडवे, तीन डावीकडे तीन उजवीकडे. आणि मुख्य म्हणजे आपल्या मारुतीसारखा एक अखंड ब्लॉक नसतो, सहाच्या सहा सिलिंडर सुटे. प्रत्येकाला पंखे असलेलं नळकांडं, ते केसवर बसतं, वर हेड, आणि चार लांब स्टड सगळं आवळून धरतात. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ९५ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७०.४.

मागच्या महिन्यात टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायला खालचं व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर नट आणि त्यात अडकलेला हेड स्टडचा तुकडा टपकन हातात पडला. एससीचं हे जुनं दुखणं आहे, खालच्या रांगेचे १२ स्टड डिलावार नावाच्या स्टीलचे असतात, ॲल्युमिनियमइतकंच फुगावं म्हणून बनवलेले, आणि ते गंज धरून तुटतात. माझे तीन तुटलेले निघाले. मग काय, इंजिन खाली उतरवलं आणि उघडलंच.

आता खरा प्रश्न. पाच सिलिंडर आतून आरशासारखे आहेत, चार नंबरला मात्र उभे ओरखडे, नख फिरवलं की अडकतं. सिलिंडरवर केएस कंपनीचा शिक्का, म्हणजे भिंत अल्युसिल, लायनर नसलेलं ॲल्युमिनियम. इथे एक जण १९७९ च्या एससीतल्या माहले कंपनीच्या दोन जोड्या विकतोय, निकासिल म्हणजे आतून निकेलचा मुलामा दिलेले सिलिंडर, सोबत पिस्टन, बोअर तोच ९५. म्हणजे बसायला बसतंय सगळं. तर,

माहलेचा सिलिंडर घेऊन त्यात माझा केएसचा पिस्टन घातला तर? किंवा चार नंबरला माहलेची अख्खी जोडी आणि बाकी पाच केएस असं चालेल? की चार नंबरचंच होनिंग, म्हणजे आतून दगड फिरवून घासणं, करून घेऊ आणि गप बसू?

इथले फोरमवाले एकमेकांवर इतके तुटून पडतात की वाचून अजून गोंधळलो. म्हटलं आपल्या लोकांना विचारावं.

निवांत_वाचक

वाचतोय. एवढ्या पैशात मिरजेत एक गुंठा आला असता हे जाता जाता नोंदवतो.

उद्यमनगर_कोल्हापूर

भावा नमस्कार. आमचं शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगचं काम, वडिलांपासून. पोर्शे काय आमच्या दारात येत नाही, पण घासतंय काय आणि कशावर हे सगळीकडं सारखंच असतंय.

आधी होनिंगचं बोलतो. अल्युसिलला आपला साधा होन लावू नकोस, हात जोडून सांगतो. बिडाच्या लायनरला, म्हंजे आतल्या नळीला, आपण दगड फिरवतो, जाळी पाडतो, त्या रेघांत ऑइल थांबतंय, रिंगा बसतात, विषय संपला. अल्युसिल म्हणजे नुसतं ॲल्युमिनियम हाय, लायनर नाही, मुलामा नाही. त्यात साधारण १७ टक्के सिलिकॉन. बोअर करून झाल्यावर वरचं मऊ ॲल्युमिनियम थोडं खाली उतरवतात, एकतर केमिकलनं नाहीतर पेस्ट लावून घोटून, म्हंजे सिलिकॉनचे कडक दाणे केसभर वर राहतात. पिस्टन अन् रिंगा त्या दाण्यांवर पळतात, मधल्या खोलगट जागेत ऑइल. फरशीवर रांगोळीचं जाड मीठ पसरून वर पाट सरकवल्यासारखं समज. साधा होन फिरवला की ते दाणेच फुटतात नाहीतर ॲल्युमिनियमच्या बरोबरीला येतात, मग दाणे नाहीत, ऑइलला जागा नाही, आणि नख अडकतंय एवढा ओरखडा पेस्टनं घोटून जात पण नाही.

आता पिस्टन. पिस्टन पण ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं की ते गुळगुळीत होत नाही, ते एकमेकाला चिकटतंय अन् ओरबाडतंय. म्हणून अल्युसिलमधल्या पिस्टनच्या स्कर्टवर, म्हंजे खालच्या घेरावर, लोखंडाचा पातळ मुलामा असतो. निकासिलमध्ये उलटा कारभार, तिथं मुलामा सिलिंडरला, निकेल आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे बारीक दाणे, पिस्टन नागडा चालतो.

म्हणून माहलेचा नागडा पिस्टन केएसच्या सिलिंडरात कधीच नाही. कधीच म्हंजे कधीच. तू विचारलंस ते उलटं, केएसचा पिस्टन माहलेत. ते लगेच ओरबाडणार नाही, पण पिस्टन आणि बोअरच्या मधली फट दोन-चार शतांश मिलिमीटरची असते, ती ज्या जोडीसाठी मापलीय तिथंच ठेव. रिंगा पण त्या त्या भिंतीसाठी असतात.

सहा_सिलिंडर

दादा, रांगोळीचं मीठ डोक्यात पक्कं बसलं. होनिंग कॅन्सल.

पद्मिनी_६८

माझं वय ७१, कुर्ल्याला राहतो, जिथे पद्मिनी बनायची त्याच कुर्ल्याला. मी २५ वर्षं टॅक्सी चालवली आणि स्वतः उघडली पण. १०८९ सीसी, बोअर ६८, स्ट्रोक ७५, बिडाचा ब्लॉक. आमच्याकडे एक भांडं, म्हणजे सिलिंडर, घासलं गेलं की मिस्त्री तेवढंच ओव्हरसाइज करायचा, तीन पिस्टन स्टँडर्ड आणि एक अर्धा मिलिमीटर मोठा. बूच मारल्यासारखं. गाडी चालली चार वर्षं. तुम्ही लोक फार सिस्टीम करता.

गणितवेडी

काका, तुमचं बरोबर आहे पण ती मिसळ वेगळी होती. भिंत चारही भांड्यांत बिडाचीच, पिस्टन एकाच जातीचे, फक्त एक जण जाडा. ६८ चं ६८.५ केलं तर त्या भांड्याची क्षमता दीड टक्का वाढते, थोडं हलेल, टॅक्सीला चालून जातं. सहा_सिलिंडर यांच्याकडे भिंतीचा धातूच बदलतोय.

आकडेच टाकते. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं, बीड ११ च्या आसपास. ९५ मिमीचं तोंड आणि १०० अंश वाढ धरली तर ॲल्युमिनियमचा पिस्टन २२ शतांश फुगतो आणि बिडाची भिंत १० च. म्हणून बिडाच्या लायनरमध्ये थंड असताना फट जास्त ठेवावी लागते, आणि दोन्ही ॲल्युमिनियम असले की दोघंही बरोबरीने फुगतात, फट कमी ठेवता येते. कमी फटीचा पिस्टन उचलून बिडात घातला तर घाटात गरम झाल्यावर जाम होणार. उलटं केलं तर सकाळी स्टार्ट केल्यावर खुळखुळा.

दुसरं, कोणी बोललं नाही म्हणून. १९७९ ची जोडी म्हणताय ना, तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पट दाबतो ते, बघितलंत का? अमेरिकेतली एससी १९७८-७९ ला ८.५ होती आणि १९८० पासून ८३ पर्यंत ९.३. बोअर स्ट्रोक सेम, फरक पिस्टनच्या डोक्यात. एका सिलिंडरचं आकारमान ४९९ सीसी, तर ९.३ ला वर ६० सीसी जागा उरते आणि ८.५ ला साडेसहासष्ट. म्हणजे सव्वा चमचा पाणी. तुमच्या सहा जणांत एकाच्या डोक्यावर सव्वा चमचा जास्त जागा, तो कायम बाकीच्यांपेक्षा कमी जोर लावणार. टायमिंग आणि पेट्रोल सहांना एकच, कोणाला सेट करणार?

सहा_सिलिंडर

ताई हे माझ्या ध्यानातच नव्हतं!! मी बोअर मॅच झाला म्हणून खुश होतो. विकणाऱ्याला मेसेज केला, तो म्हणतो "सगळ्या एससीला बसतं". बसतं हो, तेच तर.

ॲक्टिवा_धारक

माझी ॲक्टिवा सकाळी धूर मारते, रिंग गेली असेल का?

उद्यमनगर_कोल्हापूर

वेगळा धागा काढा राव. आणि निळा धूर का पांढरा ते लिहा त्यात.

नेकारकाठ

मी स्टुटगार्टजवळ असतो, या दोन्ही कंपन्या इकडच्याच, माहले स्टुटगार्टची आणि केएस म्हणजे कोल्बेनश्मिट नेकार्झुल्मची, मधे गाडीने तासाभराचं पण अंतर नाही. शेजारी-शेजारी राहून एकच प्रश्न दोघांनी दोन दिशांनी सोडवला याची मला मजा वाटते.

निकासिल माहलेने १९६७ च्या सुमारास आणलं ते खरं वँकेलच्या रोटरी इंजिनासाठी. पोर्शेने ते ९१७ या रेसच्या गाडीत वापरलं आणि तिथून १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये. त्याआधी ९११ मध्ये बिरल सिलिंडर होते, आत बिडाची नळी आणि बाहेरून ॲल्युमिनियमचे पंखे ओतलेले. २.४ चा बोअर ८४ होता, तो ९० करायचा तर केसमधलं भोक तेवढंच आणि बिडाची नळी अजून पातळ करता येईना. नळीच काढून टाकली, निकेलचा मुलामा दिला, जागा झाली. म्हणजे जाडी वाचवायला आलेली वस्तू आहे ही. टिकाऊपणा वरचा बोनस.

सिलिंडर बघताना खालच्या कडेला त्रिकोणात ५ किंवा ६ आकडा कोरलेला असेल तो पण बघा. तो उंचीचा ग्रुप. ९११ मध्ये एका बाजूच्या तीन हेडवरून एकच कॅम हाउसिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं घर, आडवं बोल्ट होतं, त्यामुळे एका बाजूचे तिन्ही सिलिंडर एकाच आकड्याचे पाहिजेत. एक जरी वर-खाली असला तरी हाउसिंग पिळतं, कॅम जड फिरतो, ऑइल गळतं. आणि पिस्टनचा मेक डोक्यावर काजळीत दिसत नसेल तर उलटा करून आतून बघा.

बीटल_पुणे३०

आमच्याकडे १६०० ची बीटल आहे, आजोबांनी घेतलेली. तिथेही सिलिंडर सुटेच, चार, पण बिडाचे, ८५.५ चा बोअर. एक पिस्टन फुटला तेव्हा चौघांचा सेट न घेता एकच आणला होता जुन्या बाजारातून. आमचे मेकॅनिक काका म्हणाले वजन करून आण, त्याशिवाय हात लावणार नाही. १० ग्रॅमच्या आत पाहिजे म्हणे चौघांत. किराणावाल्याचा काटा पाच-पाच ग्रॅमने उड्या मारत होता म्हणून मी आणि आजोबा सोन्या मारुती चौकात ओळखीच्या सराफाकडे गेलो, चार पिस्टन रुमालात बांधून. त्याने तोंड वाकडं केलं, पण तोलून दिले. नवा आलेला २२ ग्रॅम जड निघाला. मग मेकॅनिक काकांनी आतल्या बाजूने, गजन पिनच्या (पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनच्या) बॉसखालून, थोडं थोडं घासून उतरवला, दोन वेळा परत सराफाकडे. तिसऱ्या वेळी सराफ म्हणाला, आजोबा, घडणावळ लावू का?

गणितवेडी

वीस ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही ना, म्हणून हिशोब. ९११ चा क्रँक ६००० आरपीएमला, त्रिज्या ३५.२ मिमी. २० ग्रॅमचा जादा भार प्रत्येक फेरीला साधारण २८ किलोचा धक्का देतो, सेकंदाला १०० वेळा. समोरच्या बाजूला त्याला तोडीस तोड कोणी नाही.

निवांत_वाचक

पॉपकॉर्न संपले. पुढे?

सहा_सिलिंडर

पुढे मोठा बॉम्ब आहे, बसा.

शनिवारी दिवसभर गॅरेजमध्ये होतो. सहाही पिस्टन केरोसिनमध्ये भिजवले, पितळी ब्रशने नाही, प्लॅस्टिकच्याने घासले, आणि नेकारकाठ म्हणाले तसं उलटे करून टॉर्च मारला. एक, दोन, तीन, केएस. पाच, सहा, केएस. चार नंबर, माहले.

मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. परत धुतला. माहले!

म्हणजे मी जे करू का म्हणून विचारत होतो ते आधीच कोणीतरी करून ठेवलंय, आणि तेही नेमकं कोल्हापूरच्या दादांनी "कधीच नाही" म्हटलं ते, नागडा माहले पिस्टन केएसच्या सिलिंडरात. ओरखडे कुठून आले ते कळलं. गाडीच्या कागदांत जुन्या मालकाचं इंजिनकामाचं एक बिल आहे, त्यात "पिस्टन, एक नग" एवढंच. कोणाचा, कुठला, काही नाही.

खात्री करायला चुंबक लावून बघायचं ठरवलं. घरात चुंबक एकच, आईने गणपतीपुळ्याहून आणलेला फ्रिजवरचा बाप्पा. त्याला काही कळेना, सगळीकडून घसरत होता. मग जुनी हार्ड डिस्क फोडली, आतला चुंबक काढला, शिवणाच्या दोऱ्याला बांधला आणि पिस्टनच्या स्कर्टशेजारी लोंबत धरला, श्वास रोखून. पाच पिस्टनांकडे चुंबक हळूच झुकतो, टेकतो, किंचित धरून राहतो, ओढला की सुटतो. चार नंबरला सरळ लोंबतोय, देवळातल्या घंटेसारखा. तिथे लोखंडच नाही. मग सिलिंडरांच्या आत धरला, सहाही ठिकाणी काहीच नाही, म्हणजे भिंती सगळ्या अल्युसिलच. निकासिल असता तर निकेलने ओढला असता ना?

वजन पण केलं, इथे सराफ नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहे, एक ग्रॅमचा. पाच जण तीन ग्रॅमच्या आत, माहले १८ ग्रॅम जड. डोक्याचा उंचवटा मात्र सारखाच दिसतोय, म्हणजे कॉम्प्रेशन तरी बघितलं होतं त्या भल्या माणसाने.

मला गाडी घेतल्यापासून ३००० च्या आसपास एक बारीक थरथर जाणवायची. मी इंजिन माउंट बदलले, टायर बॅलन्स केले, शेवटी म्हटलं जुनी गाडी आहे, असणारच.

उद्यमनगर_कोल्हापूर

नाद खुळा!! दोऱ्याची आयडिया लई भारी. हो, निकेल चुंबकाला धरतंय, निकासिलचा सिलिंडर असता तर भिंतीला टेकला असता. बिरल असता तर खाडकन चिकटला असता, आत बीडच हाय.

आणि बघ, तो पिस्टन पहिल्याच दिवशी जाम झाला नाही, एवढे मैल पळाला, म्हणून ज्यानं घातला त्याला वाटलं असणार जमलं. असली चूक उशिरा बोलती.

पद्मिनी_६८

माझं बूच चार वर्षं चाललं होतं, आठवण करून देतो.

गणितवेडी

काका :) १८ ग्रॅमचे ६००० ला २५ किलो होतात, आणि थरथर त्यातलीच असणार.

वाट_चुकलेला

मला या धाग्यातून एकच विचारायचंय, मग दोन्हीत चांगलं कुठलं? निकासिल ना? मी ऐकलं होतं बीएमडब्ल्यूची निकासिलची इंजिनं गेली होती.

नेकारकाठ

हो, नव्वदीतली. ज्या देशांत पेट्रोलमध्ये गंधक जास्त होतं तिथे तो मुलामा खराब झाला, कॉम्प्रेशन गेलं, सकाळी गाडी सुरू होईना. मग त्यांनी व्ही-आठमध्ये अल्युसिल घेतलं. आणि अल्युसिलची बदनामी करायची तर शेव्हरोले व्हेगा आहे, १९७१ ची, अमेरिकेतली, लायनर नसलेला ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि लोखंडी मुलाम्याचे पिस्टन, गरम होऊन बोअर गेले आणि ऑइल प्यायला लागल्या, पुढे लोक त्यात बिडाचे स्लीव्ह घालून घेत. म्हणजे दोघांचीही वाईट उदाहरणं आहेत. ९११ वाले निकासिलला जास्त मानतात कारण ते पुन्हा पुन्हा वापरता येतं, झिजतच नाही फारसं, आणि झिजलं तरी मुलामा काढून नवा देता येतो.

सहा_सिलिंडर

दोन महिन्यांनी येतोय, सॉरी.

पहिला प्लॅन असा होता की एकच जुनी केएसची जोडी शोधायची, ९.३ वाली, वजनात बसणारी, आणि पाच जुने तसेच ठेवायचे. सगळ्यात स्वस्त. पाचांची मापं घेतली, बोअर डायल गेज एका मित्राचा आणला, वर, मधे, खाली, आडवं-उभं, पाचही फर्स्टक्लास. सहा आठवडे शोधाशोध केली आणि जोडी सापडली ओरेगनला! फोटो बघितले, केएस, चुंबक लावून दाखव म्हटलं तर त्या बिचाऱ्याने व्हिडिओ पाठवला, वजन माझ्यापेक्षा चार ग्रॅम जास्त, ठीक. पैसे भरायच्या आधी म्हटलं त्रिकोण दाखव. त्रिकोणात ६. माझे चार-पाच-सहा तिन्ही ५.

हात कपाळाला. डावीकडची बाजू बघितली की अदलाबदल करता येते का, तर तेही तिन्ही ५. एकटा ६ कुठे ठेवणार? खाली पॅकिंग जास्त घालू का म्हणून तासभर आकडेमोड केली, मग लक्षात आलं की मी पण तेच करतोय, जुन्या मालकाने केलं ते.

मग ठरवलं. सहाही केएस सिलिंडर कोटिंग करणाऱ्या शॉपला पाठवले. ते आतून थोडं बोअर करतात आणि निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा देऊन परत ९५ ला आणतात. पिस्टन सहा नवे, एका मेकचे, एका डब्यातले, निकासिलसाठीचे, ९.३ चेच. केएसचे पाच चांगले पिस्टन त्यामुळे बेकार झाले, त्याचं वाईट वाटलं खरं. बायकोला खर्च सांगितलेला नाही, तिला मराठी वाचता येतं तेव्हा इथेही आकडा लिहीत नाही.

बीटल_पुणे३०

नव्या सहांचं वजन केलंत का?

सहा_सिलिंडर

केलं! दोन ग्रॅमच्या आत. तुमचा सराफ आठवला.

उद्यमनगर_कोल्हापूर

मुलामा आल्यावर भोकांच्या कडा बघून घे, वरची अन् खालची. प्लेटिंगला काठाला कोर धरती, रिंग घालताना तिथंच अडकून तुटती. आणि रिंगांची फट प्रत्येक सिलिंडरात स्वतः रिंग सरकवून फीलर गेजनं बघ, डब्यावर छापलंय म्हणून सोडू नको. क्रोमच्या रिंगा क्रोमच्या भिंतीवर कधी नाही एवढं लक्षात ठेव, तुझी भिंत निकेलची हाय, त्या शॉपला विचार त्यांच्या मुलाम्याला कुठली रिंग, ते सांगतील तीच.

सहा_सिलिंडर

दादा, तुम्ही म्हणालात म्हणून बोटाने फिरवून बघितलं, सहापैकी दोघांच्या खालच्या काठाला खरंच कोर होती, बोट कापलं. शॉपने बारीक चॅम्फर करून दिला.

काल संध्याकाळी इंजिन चालू केलं. आधी प्लग काढून स्टार्टर मारत राहिलो ऑइल प्रेशर येईपर्यंत, मग प्लग लावून. दुसऱ्या सेल्फला घेतलं. दोन मिनिटं धूर, असेंब्लीचं ऑइल जळत होतं, मग साफ. ३००० ला डॅशबोर्डवर हात ठेवला. काही नाही. बायकोला बोलावून तिलाही ठेवायला लावला, ती म्हणाली "काय आहे इथे?" तेच तर म्हणतोय, काही नाही.

नव्या स्टडसकट सगळं बसलंय. हजार मैलांनंतर ऑइल बदलून परत टॅपेट बघेन तेव्हा लिहितो.

निवांत_वाचक

अभिनंदन. गुंठ्याची नोंद मागे घेतो.

उद्यमनगर_कोल्हापूर

लई भारी भावा. एक विनंती, तो ओरबाडलेला माहलेचा पिस्टन टाकू नकोस. आमच्याकडं आयटीआयची पोरं येतात शिकायला, त्यांना दाखवायला पाहिजे. पुस्तकातलं चित्र बघून त्यांना काय कळत नाही.

सहा_सिलिंडर

डिसेंबरात येतोय मिरजेला, घेऊन येतो. केएसचा पण एक आणतो सोबत, आणि तो दोरा बांधलेला चुंबक. पोरांनाच ओळखू द्या कुठला कुठला ते. एअरपोर्टवर बॅगेत दोन पिस्टन आणि एक चुंबक बघून काय म्हणतील ते मात्र बघावं लागेल.

ॲक्टिवा_धारक

निळा धूर आहे.